‘न्यूज’ हा शब्द चार दिशांपासून बनलेला नाही

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ यांच्या आद्याक्षरांपासून ‘न्यूज’ हा शब्द तयार झाला, असे शाळेपासून सांगितले जाते; ते खरे नाही. ‘न्यू’ म्हणजे नवीन, या विशेषणाचे ते अनेकवचनी रूप असून ‘नव्या गोष्टी’ हा त्याचा मूळ अर्थ आहे. १६व्या शतकातील लेखनात तो इंग्रजी स्पेलिंगमधील शेवटच्या ‘एस’आधी आणखी एक ‘ई’ घालूनही (newes) लिहिलेला आढळतो, आणि दिशांच्या हिशेबात तो दुसरा ‘ई’ बसतच नाही. त्या काळी त्याला अनेकवचनी क्रियापदही लागत असे, आज मात्र एकवचनीच लागते. ‘दॅट इज न्यूज टु मी’ याचा अर्थ तर ‘हे मला ठाऊकच नव्हते’ असा होतो. आपणही भेटल्यावर ‘काय नवीन?’ असेच विचारतो, आणि संस्कृत ‘नव’ व इंग्रजी ‘न्यू’ यांचे मूळही एकच आहे.