अ प्रिन्सेस ऑफ मार्स : पडद्यावरची रूपं

एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाची ही पल्प कादंबरी पडद्यावर नीट यायला बरोबर शंभर वर्षं लागली, आणि आली तेव्हा लोकांना वाटलं की हे तर सगळं आधीच बघितलंय.

पल्प म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली मासिकं. त्यातल्याच 'ऑल-स्टोरी'मध्ये १९१२ साली फेब्रुवारी ते जुलै ही गोष्ट हप्त्यांनी छापून आली, पुस्तक १९१७ ला. बरोज तेव्हा पेन्सिल शार्पनरच्या धंद्यात होता, असलं काही लिहिलं तर लोक वेडा म्हणतील म्हणून त्याने टोपणनाव घेतलं 'नॉर्मल बीन', म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला, छापताना कुणीतरी त्याचं 'नॉर्मन' केलं आणि जोकच गेला. मानधन ४०० डॉलर.

गोष्ट अशी की अमेरिकेतल्या यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा कॅप्टन जॉन कार्टर ॲरिझोनातल्या गुहेत अडकतो आणि तिथून थेट मंगळावर पोचतो (तिथले लोक मंगळाला बरसूम म्हणतात). कसा पोचला ते बरोज धड सांगतच नाही. तिथं गुरुत्वाकर्षण कमी म्हणून हा लांबलांब उड्या मारतो, चार हातांच्या हिरव्या थार्क लोकांच्या तावडीत सापडतो, मग राजकन्या देजा थोरिस, जी अंडी घालते. आणि कपडे जवळपास कुणीच घालत नाही, म्हणजे पडद्यासाठी तीही पंचाईत.

पहिला प्रयत्न बॉब क्लॅम्पेटचा, हाच पुढे 'लूनी ट्यून्स' कार्टूनवाला म्हणून गाजला. १९३६ च्या सुमाराला त्याने बरोजच्या मुलाला सोबत घेऊन ॲनिमेशनचे टेस्ट सीन केले पण एमजीएम स्टुडिओने माघार घेतली, झालं असतं तर डिस्नेच्या पहिल्या लांबलचक कार्टूनपटाच्या, 'स्नो व्हाइट'च्या, आधीचा पिक्चर झाला असता. पुढे ऐंशीच्या दशकात डिस्ने, मग पॅरामाउंट, डायरेक्टर बदलत राहिले, हक्क परत डिस्नेकडे. या मधल्या काळात बाकीच्यांनी माल उचलला: 'स्टार वॉर्स' आलं (बरसूमवर सम्राटाला जेद्दाक म्हणतात, 'स्टार वॉर्स'मधले जेडाय योद्धे आठवले तर आठवले), 'अवतार' आला, आणि त्याचा डायरेक्टर कॅमेरॉनने तर बरोजचं ऋण स्वतःच कबूल केलंय.

अमेरिकेत कादंबरीचा कॉपीराइट संपलेला, त्यामुळे २००९ मध्ये असायलम कंपनीने स्वस्तातला व्हिडिओ पिक्चर बनवून टाकला, त्यातला कार्टर अफगाणिस्तानात लढणारा आजचा सैनिक.

खरा मोठा पिक्चर 'जॉन कार्टर', मार्च २०१२, डायरेक्टर 'फाइंडिंग निमो'वाला अँड्र्यू स्टँटन, कार्टर झाला टेलर किच. खर्च २५ कोटी डॉलरच्या वर, जगभरातली कमाई २८ कोटींच्या आसपास, पण त्यातला मोठा हिस्सा थिएटरवाले ठेवतात आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच, म्हणून डिस्नेने २० कोटींचा तोटा होईल असं जाहीर केलं. स्टुडिओप्रमुख रिच रॉसने एप्रिलमध्ये राजीनामा दिला. नावातून 'मंगळ' काढून टाकला होता, मग पोस्टर बघून कळणार काय, हा कोण कार्टर, काय करतो?

पिक्चर तसा वाईट नाही, थार्क मंडळी तर झकास उतरलीत. घोळ झाला तो समजावून सांगण्यात. बरोजच्या दुसऱ्या बरसूम कादंबरीतली थर्न ही जमात आणून बसवली, मंगळावर जायला लॉकेटची युक्ती काढली, कार्टरच्या मागे मेलेली बायको-मुलगी लावली, देजाला शास्त्रज्ञ केलं (हे मात्र बरं केलं). बरोजने जिथं एका दमात उडी मारली तिथं यांनी जिना बांधला.

दुसरा भाग निघालाच नाही, २०१४ मध्ये हक्क बरोजच्या वारसांच्या कंपनीकडे परत गेले.