फ्लॅशगनसाठी सेल घेताना
लग्नसराईत काम करणाऱ्या आमच्या सांगली-मिरजेच्या ग्राहकांसाठी

शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि नवरीचे हात हार घालायला वर जातात. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. पहिला फ्लॅश उडाल्यावर गन पुन्हा तयार व्हायला सात-आठ सेकंद घेत असेल, तर त्यातला एखादाच फोटो हाती लागतो. म्हणून काउंटरवर कुणी ‘जास्तीत जास्त एमएएचचे सेल द्या’ म्हटलं (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप), की आम्ही आधी विचारतो: सध्या तुमची गन किती वेळात रेडी होते?

गनच्या आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सुमारे ३०० व्होल्टला भरतो आणि एका झटक्यात रिकामा होतो. तो पुन्हा भरताना चार पेन्सिल सेलमधून काही अँपिअर करंट ओढला जातो. नेहमीचा प्रश्न असा, की अल्कलाईनवर १.५ व्होल्ट लिहिलंय आणि रिचार्जेबलवर १.२, मग रिचार्जेबल कमजोर नाही का? घड्याळात, रिमोटमध्ये अल्कलाईन झकास चालतो. पण जोराचा करंट मागितला की त्याचा व्होल्टेज बसतो, कारण त्याचा अंतर्गत रोध जास्त. टाकी भरलेली, पण तोटी बारीक. निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे आपले नेहमीचे रिचार्जेबल सेल, १.२ व्होल्टच्या आसपास टिकून राहतात आणि हवा तेवढा करंट देतात. त्यामुळे गनही लवकर रेडी होते. लाल-निळ्या वेष्टनातले स्वस्त झिंक-कार्बन सेल तर गनमध्ये घालूच नका.

रिचार्जेबलमध्येही दोन जाती आहेत. साधे सेल कपाटात पडल्या पडल्या उतरतात. ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ जातीचे महिनोन्‌महिने चार्ज धरून ठेवतात. सॅन्योने २००५ साली एनेलूप आणले तेव्हापासून ही जात रुळली. आता तो ब्रँड पॅनासॉनिककडे आहे. त्यात साधे एनेलूप २००० एमएएचच्या आसपासचे आणि प्रो २५०० च्या. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे साधे एनेलूप २१०० वेळा चार्ज होतात, प्रो ५०० वेळा. आम्हाला विचाराल तर एका गनमागे साध्या एनेलूपचे तीन सेट घ्या. प्रो घेऊन थोडे जास्त फ्लॅश मिळतील, पण सेट लवकर बाद होईल. आणि ३०००-४००० एमएएच छापलेले अनोळखी ब्रँडचे सेल आमच्याकडे मागू नका, आम्ही ठेवत नाही. निकेलच्या पेन्सिल सेलमध्ये तेवढं मावतच नाही.

चौघांचा सेट कायम एकत्र ठेवा. मार्करने अ, ब, क लिहा. नवा-जुना, दोन कंपन्यांचे, अर्धा भरलेला असे मिसळू नका. चारातला एक कमजोर निघाला तर बाकीचे तिघे त्याला उलटा चार्ज करतात आणि तो कायमचा जातो.

चार्जरवर मात्र पैसे वाचवू नका. प्रत्येक सेल वेगळा तपासून भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्या. जोडीजोडीने आणि नुसत्या टायमरवर चालणारे चार्जर सेल शिजवतात. ५०० मिलिअँपिअरवर २००० चा सेल साडेचार-पाच तासांत भरतो, म्हणजे हळदीच्या रात्री लावला की सकाळी तयार.

आता धोक्याचं. यूएसबीने चार्ज होणाऱ्या १.५ व्होल्टच्या लिथियम सेलमध्ये व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं. गनचा करंट त्याला झेपत नाही. ते तापतं किंवा मध्येच बंद पडतं, तेही आधी सूचना न देता. दुरून फ्लॅश उडवणाऱ्या ट्रिगरला, माउसला चालतील. त्याच मापाचे ३.७ व्होल्टचे १४५०० नावाचे सेलही बाजारात मिळतात. गनला सहा व्होल्ट अपेक्षित असताना असे चार मिळून जवळपास पंधरा होतात. गन जळेल.

हंगामभर रोज दोन कार्यक्रम असतील, तर पेन्सिल सेलचा नाद सोडून लिथियम पॅकची गन घ्या. गोडॉक्स व्ही ८६० थ्रीच्या पॅकवर कंपनी ४८० फुल पॉवर फ्लॅश सांगते आणि गन दीड सेकंदात रेडी होते. अडचण एकच: पॅक त्या त्या गनचाच लागतो, ऐनवेळी पानपट्टीवर मिळत नाही. दुसरा पॅक सोबतच घ्या.

फुकटचा उपायही आहे. कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४०० वरून १६०० केला, तर तेवढ्याच उजेडाला पावपट पॉवर पुरते. सेल जवळपास चौपट चालतात आणि गनही झटपट भरते. कार्यालयाच्या उंच पत्र्यावर किंवा लाल-पिवळ्या मांडवाच्या कापडावर बाउन्स मारत असाल, म्हणजे फ्लॅश वर मारून त्याचा परतलेला उजेड वापरत असाल, तर हे आधी करून बघा. तिथे पॉवरही जाते आणि वरून चेहऱ्यावर रंग चढतो, तो वेगळाच.

एप्रिल-मेच्या उन्हात बॅग गाडीत ठेवू नका. सलग फुल पॉवर मारत असाल तर गन तापून स्वतःच मंदावते, त्याचा दोष सेलवर टाकू नका. पावसाळ्यात, काम नसताना, सेल बाहेर काढून ठेवा. विशेषतः अल्कलाईन आतच गळतात आणि सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्त्या खातात. महिन्यातून एकदा मात्र सेल घालून दहा-बारा फ्लॅश मारा, कपॅसिटर चांगला राहतो. गन बिघडली तरी घरी उघडू नका. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज असते.

तुमचे जुने सेट दुकानात आणा, प्रत्येक सेल तपासून कुठला काढायचा ते सांगू. बाद झालेले सेल घंटागाडीत टाकू नका. काउंटरशेजारी त्यांचा डबा ठेवला आहे. लिथियम पॅकच्या टोकांना तेवढी चिकटपट्टी लावून आणा.