फिल्म इन्स्टिट्यूट (एफटीआयआय), पुणे

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर जे आहे त्याचं पूर्ण नाव फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, पण रिक्षावाल्याला नुसतं फिल्म इन्स्टिट्यूट सांगितलं तरी पुरतं. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची ही संस्था, १९६० मध्ये सुरू झाली, आणि जागा म्हणजे चक्क प्रभात स्टुडिओ. कोल्हापुरात १९२९ ला सुरू झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली, पन्नासच्या दशकात बंद पडली आणि मग सरकारने ती जागा शाळेसाठी घेतली. सुरुवातीच्या काळात प्रमुख होते गजानन जागीरदार, म्हणजे ज्यांनी स्वतः प्रभातमध्ये काम केलं तेच आता तिथे शिकवायला.

टीव्ही नंतर आला. दिल्लीत दूरदर्शनच्या लोकांना ट्रेनिंग देणारा विभाग होता तो १९७४ मध्ये इथे हलवला, आणि आजही फिल्म विंग आणि टीव्ही विंग असे दोन भाग आहेत. फिल्मचे बहुतेक कोर्स तीन वर्षांचे (दिग्दर्शन, सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, साउंड, आर्ट डिरेक्शन), टीव्हीचे एकेक वर्षाचे. ग्रॅज्युएट असावं लागतं, प्रवेश परीक्षा असते आणि जागा अगदी मोजक्या.

बाहेरून लोकांना वाटतं इथे डायरेक्टर बनवतात. खरं तर इथे युनिट बनवतात. सुरुवातीला सगळ्यांना सगळ्या विभागांची थोडी थोडी ओळख करून देतात, मग प्रत्येक एक्सरसाइजला प्रत्येक विभागातला एकेक जण घेऊन टीम तयार होते, म्हणजे डायरेक्शनवाल्याचा सिनेमा हा कॅमेरावाल्याचा आणि साउंडवाल्याचाही सिनेमा असतो आणि मार्क सगळ्यांचे त्याच्यावर. आधी कंटिन्युइटी (शॉटला शॉट नीट जुळवणं), मग डायलॉग, मग गाणं, शेवटी डिप्लोमा फिल्म. साधं क्लॅपचंच बघा (शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यापुढे आपटतात ती फळी), बाहेर लोकांना ते स्टाइल वाटतं. पण फिल्मवर शूट व्हायचं तेव्हा चित्र एका रिळावर आणि आवाज वेगळ्या टेपवर, मग एडिटर स्टीनबेक नावाच्या टेबलावर फळी जिथे मिटते ती फ्रेम शोधायचा, आवाजात 'टक्' शोधायचा, दोन्ही जुळवायचा, आणि सेटवर कोणी घाईत क्लॅप नीट दिला नसेल तर त्याची फळं एडिटर पुढे तासन् तास भोगायचा. आता सगळं डिजिटल, काम सोपं झालंय, पण दुसऱ्याच्या आळसाची किंमत आपण मोजतो हे तिथे आपोआप कळतं.

म्हणूनच एडिटिंगचं खातं इथे कधी दुय्यम मानलं गेलं नाही. राजकुमार हिरानी आणि संजय लीला भन्साळी दोघेही इथे एडिटिंग शिकले, डायरेक्शन नाही. २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी साउंडचे. डायरेक्शनवाल्यांची यादी तर लांबच आहे, अडूर गोपालकृष्णन, मणी कौल, कुमार शहानी, केतन मेहता, आपले उमेश कुलकर्णी, आणि २०२४ ला कान फिल्म महोत्सवात ग्रां प्री हे बक्षीस घेणाऱ्या पायल कपाडिया. साठच्या दशकात बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक इथे व्हाइस प्रिन्सिपल होते, आणि आवारातल्या आंब्याखाली (त्याला विज्डम ट्री म्हणतात) बसून त्यांनी शिकवलेलं अजून सांगतात. त्यातलं काही वाढवून सांगितलेलं असणार, पण त्या पिढीवर त्यांची छाप आहे हे खरंच.

भांडणं मात्र भरपूर. सत्तरच्या दशकात ॲक्टिंगचे विद्यार्थी संपावर गेले, नसीरुद्दीन शाह त्यात पुढे, तक्रार अशी की डायरेक्शनवाले आम्हाला डिप्लोमा फिल्ममध्ये घेत नाहीत, बाहेरचे नट आणतात. तेव्हा संस्थेचे डायरेक्टर होते नाटककार गिरीश कार्नाड, वयाने विद्यार्थ्यांपेक्षा फार मोठे नव्हते. पुढे काही वर्षांत ॲक्टिंगचा कोर्सच बंद झाला तो थेट २००४ ला परत आला. म्हणजे युनिट युनिट म्हणायचं आणि नटाला त्यात धरायचंच नाही, हे जरा अतीच होतं.

दुसरं दुखणं वेळेचं. तीन वर्षांचा कोर्स पाच-सहा वर्षं चालायचा, फिल्म अडकून पडायच्या, हॉस्टेल भरलेलं. २०१५ मध्ये संस्थेचे अध्यक्ष म्हणून गजेंद्र चौहान (टीव्हीवरच्या 'महाभारत'मधले युधिष्ठिर) यांच्या नेमणुकीवरून १३९ दिवस संप झाला तो सगळ्यांना आठवतो, पण त्याच संपात ऑगस्टमध्ये २००८ च्या बॅचच्या अर्धवट राहिलेल्या फिल्म 'आहे तशा' तपासायच्या यावरून मोठा राडा झाला, रात्री पोलीस आले, विद्यार्थ्यांना अटक झाली. नेमणुकीपेक्षा हा प्रश्न जुना होता आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

कागदाचं म्हणाल तर इतकी वर्षं डिप्लोमाच मिळायचा. एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेसोबत एफटीआयआयलाही अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे आता स्वतःची डिग्री देता येते. इंडस्ट्रीत तुमची डिग्री कोणी विचारत नाही, शोरील (आपल्या कामाचे निवडक नमुने) विचारतात, त्यामुळे फायदा मुख्यतः ज्यांना पुढे शिकवायचंय किंवा रिसर्च करायचाय त्यांना.

ज्यांना यातलं काहीच व्हायचं नाही त्यांच्यासाठी फिल्म ॲप्रिसिएशनचा छोटा कोर्स आहे, इथले प्राध्यापक सतीश बहादूर आणि शेजारच्या फिल्म अर्काइव्हचे (जुने सिनेमे जपणारी सरकारी संस्था) पी. के. नायर यांनी तो वाढवला. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, दिवसभर सिनेमे बघायचे आणि त्यावर वाद घालायचे.