ओलेसुंड, 1904: आगीपुढे धावणारे निखारे

ओलेसुंड हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, बेटांवर वसलेलं, मासेमारीवर जगणारं गाव. 23 जानेवारी 1904 च्या रात्री दोनच्या सुमारास तिथल्या एका डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात आग लागली. बाहेर वादळी वारा होता. आग विझेपर्यंत साडेआठशेच्या आसपास घरं गेली होती. गावची वस्ती जेमतेम 12 हजार, त्यातली सुमारे 10 हजार माणसं भर हिवाळ्यात उघड्यावर आली. मृत्यू मात्र एकच झाला, एका वृद्ध महिलेचा.

घरं लाकडाची, दाटीवाटीची, म्हणून जळाली असं सांगून हा विषय सहसा संपवला जातो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. लाकडी घरांची गावं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात, त्यांत आगी लागतात आणि बहुतेक वेळा विझवल्याही जातात. मग एखाद्या रात्री पाण्याने वेढलेलं गाव हातातून का निसटतं?

आधी पाण्याचाच हिशेब करू. एक किलो कोरडं लाकूड जळलं की साधारण 16 मेगाज्यूल उष्णता निघते. एक लिटर थंड पाणी तापून त्याची पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे 2.6 मेगाज्यूल शोषतं. समजा, एका घरात 20 टन लाकूड आहे आणि ते तासाभरात जळतंय. ती सगळी उष्णता शोषायची तर तासभर दर मिनिटाला दोन हजार लिटर पाणी लागेल. हिशेब ढोबळ आहे. विझवायला सगळी उष्णता शोषावी लागत नाही, पेटलेला पृष्ठभाग पुरेसा थंड केला तरी भागतं. पण अशी दहा घरं एकदम पेटली तर समुद्र शेजारी असून काय उपयोग? प्रश्न मिनिटाला किती पाणी योग्य जागी पोचतं याचा असतो. म्हणूनच अशा वेळी पेटलेल्या घराचा नाद सोडून वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेली, अजून न पेटलेली घरं भिजवत राहणं शहाणपणाचं ठरतं.

न पेटलेलं घर पेटतं कसं? लाकूड तापलं की त्याचं विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात, आणि आपल्याला दिसणारी ज्वाळा त्या वायूंची असते. समोरच्या आगीची धग दर चौरस मीटरला साधारण 12 किलोवॅटपर्यंत पोचली की काही वेळात लाकडातून इतके वायू निघू लागतात, की एखादी ठिणगीही पुरते. भर दुपारच्या कडक उन्हाच्या ही जवळजवळ बारापट. सुदैवाने अंतर वाढलं की धग झपाट्याने कमी होते, आणि रुंद रस्त्यांचा उपाय यातूनच आला. नॉर्वेतलंच ट्रॉनहाइम 1681 मध्ये जळालं, तेव्हा सिसिन्यों या लष्करी अभियंत्याने त्याची नवी आखणी केली. आग ओलांडू नये म्हणून त्याने मुद्दाम प्रशस्त रस्ते ठेवले.

वादळात मात्र हा उपाय लंगडा पडतो. वाऱ्याने ज्वाळा आडव्या होतात आणि पुढच्या भिंतीच्या जवळ येतात, ही एक गोष्ट. त्याहून मोठी गोष्ट निखाऱ्यांची. जळत्या छपरातून वर उसळणारी तप्त हवा लाकडाचे धगधगते तुकडे उचलते, वारा ते रस्त्यापलीकडे, कधी शेकडो मीटर पुढे नेऊन टाकतो. वाटेत ते विझत नाहीत, उलट लोहाराच्या भात्यासारखा वारा त्यांना फुलवत राहतो. मग मुख्य आगीच्या कितीतरी पुढे नव्या आगी लागतात आणि बंबवाल्यांना तोंड कुठे द्यायचं तेच कळेनासं होतं.

एकटा छोटा निखारा तसा दुबळाच. सपाट भिंतीवर आदळला तर खाली पडून विझतो. पण वळचणीत, दोन फळ्यांच्या फटीत किंवा पायरीच्या कोपऱ्यात वारा असे पुष्कळ निखारे एकत्र लोटतो. तिथे ते एकमेकांची उष्णता टिकवतात, आधी नुसती धुगधुगी आणि मग ज्वाळा. याचा अभ्यास करायला अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकं आणि तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने निखारे ओकणारं एक यंत्र बनवलंय. त्याला नाव दिलंय ‘ड्रॅगन’. (शास्त्रज्ञांना झकास नावं सुचत नाहीत असं कोण म्हणतं?) जपानमधल्या मोठ्या पवन-बोगद्यात हे यंत्र लावून छपरं, कोपरे, जाळ्या यांच्यावर निखाऱ्यांचा मारा केला गेला. अगदी बारीक जाळीतूनही निखारे जळत जळत लहान होऊन आत शिरतात, हे अशाच प्रयोगांत दिसलं.

ओलेसुंडच्या आगीनंतर नॉर्वेने शहरांच्या मध्यभागी नवी घरं दगड-विटांचीच बांधायची सक्ती केली. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म सुट्टीत त्या भागात येत असे. त्याने मदतीची जहाजं पाठवली, आणि तीनेक वर्षांत गावाचा मध्यभाग त्या काळच्या युगेनश्टील शैलीत नव्याने उभा राहिला. मनोरे, नक्षीदार दर्शनी भिंती असलेल्या या इमारती पाहायला आज पर्यटक येतात. भौतिकशास्त्राच्या नजरेने मला त्यांतली नक्षी दुय्यम वाटते. दगडी भिंत दोन कामं करते: शेजारची धग सोसते आणि स्वतः निखारे पुरवत नाही. जळतं छप्पर हवेत निखारे सोडतं, जळती दगडी भिंत असा प्रकारच नसतो.

तरीही भिंतींवर सगळं सोपवता येत नाही. 22 डिसेंबर 2016 रोजी जपानमधल्या इतोइगावा या लहान शहरात एका उपाहारगृहात चुलीवर विसरलेल्या भांड्यातून आग लागली. दक्षिणेकडून जोराचा वारा होता आणि दाट जुन्या वस्तीतल्या 147 इमारतींना झळ पोचली. इथेही निखारे उडून मूळ आगीपासून दूर ठिकठिकाणी नव्या आगी लागल्या. तिथल्या कितीतरी घरांवर कौलं होती. कौल स्वतः जळत नाही, पण जुन्या छपरांत दोन कौलांच्या मधल्या फटीतून निखारा आत गेला की खाली कोरडं लाकूड असतं.