बर्निंग स्पिअर

बर्निंग स्पिअर (जन्म : १ मार्च १९४५). जमैकातील रूट्स रेगे (रेगे या जमैकन लोकप्रिय संगीताचा धार्मिक-सामाजिक आशयाचा प्रकार) गायक व गीतकार. मूळ नाव विन्स्टन रॉडनी. जन्म सेंट ॲन्स बे या किनाऱ्यावरील गावचा. कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाची चळवळ उभी करणारे मार्कस गार्वी (१८८७–१९४०) हेही इथलेच. आपल्या या गावकऱ्याला रॉडनी यांनी पुढे इतक्या गाण्यांतून आळवले, की गार्वींचे नाव नुसते कानांवरून ओळखणारी एक पिढीच तयार झाली.

१९६९ च्या सुमारास नाइन माइल या गावाच्या डोंगरात त्यांची पुढे जगप्रसिद्ध झालेले रेगे गायक बॉब मार्ली यांच्याशी गाठ पडली. रॉडनी सांगतात त्याप्रमाणे मार्ली तेव्हा गाढव, बादल्या, कोयता आणि रोपे घेऊन आपल्या शेताकडे निघाले होते. गायचे तर कुठे जावे, या प्रश्नावर मार्लींनी किंग्स्टनच्या ‘स्टुडिओ वन’ या ध्वनिमुद्रणगृहाचे नाव सांगितले. तिथे त्याचे मालक व निर्माते कॉक्सन डॉड यांच्याकडे ‘डोअर पीप’ ही पहिली तबकडी झाली. बर्निंग स्पिअर हे ‘धगधगता भाला’ या अर्थाचे नाव केनियाचे नेते जोमो केन्याटा यांच्या बिरुदावरून घेतलेले. सुरुवातीला ते गटाचे नाव होते. रुपर्ट विलिंग्टन व डेलरॉय हाइंड्स सोबतीला गात.

खरा जम बसला तो १९७५ मध्ये, निर्माते जॅक रुबी यांच्याबरोबरच्या ‘मार्कस गार्वी’ या अल्बममुळे. त्यातील ‘स्लेव्हरी डेज’मध्ये गुलामगिरीचे दिवस आठवतात का, हा एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतो. शब्द मोजके, हरकती जवळजवळ नाहीत. पालुपद घोळवत राहायचे, खाली बेस संथ चालत असतो आणि मधूनच ट्रम्पेट-ट्रॉम्बोन हाक देतात. नामजपाची सवय असलेल्या कानाला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटू नये. ब्रिटनमध्ये मात्र आयलंड कंपनीने हे ध्वनिमुद्रण नव्याने मिश्रण करून सौम्य केले. रॉडनी यांना ते रुचले नाही.

१९७६ अखेर गट व रुबी दोन्ही सुटले. १९७७ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये अस्वाद या बँडच्या साथीने त्यांनी केलेला कार्यक्रम ध्वनिमुद्रित आहे. ‘रॉकर्स’ (१९७८) चित्रपटात रात्रीच्या अंधारात, एकही वाद्य नसताना, ते ‘जाह नो डेड’ गातात. त्यांचा आवाज कळायला तेवढा प्रसंग पुरतो. १९८० च्या ‘हेल एच. आय. एम.’मध्ये मार्लींचे बेसवादक ॲस्टन बॅरेट साथीला होते.

पुढे ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि स्वतःच्या ‘बर्निंग म्युझिक’तर्फे अल्बम काढू लागले. ‘कॉलिंग रास्ताफारी’ला २००० मध्ये व ‘जाह इज रिअल’ला २००९ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर बराच काळ नवा अल्बम आला नाही. ‘नो डिस्ट्रॉयर’ आला तो २०२३ मध्ये, त्यांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.