‘आधी घर, मग मी’ ही अट आली कुठून?

“पोरगी दहावी होऊ दे, मग बघू.” “सासूबाईंचं दुखणं आवरलं की क्लास लावीन.” कोल्हापुरात शिवाजी पेठेपासून राजारामपुरीपर्यंत कुठल्याही घरात हे ऐकायला मिळतं. बोलणाऱ्या बाईला हौस नसते असं नाही. तिला गाणं शिकायचं असतं, अर्धवट राहिलेली बी.ए. पुरी करायची असते, मसाल्याचा धंदा काढायचा असतो. अडतं एकाच जागी. घरातलं सगळं यथास्थित झाल्याशिवाय स्वतःसाठी काही केलं तर आपण आई म्हणून कमी पडू, ही भीती मनात घट्ट बसलेली असते. ही अट पूर्वापार चालत आलेली आहे असं आपण धरून चालतो. माझ्या मते ती फार तर दीडशे वर्षांची आहे, आणि तिची जडणघडण शोधता येते.

त्याआधीचं चित्र वेगळं होतं. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या आणि त्यांचा मुलगा शिवाजी चारेक वर्षांचा. त्याला गादीवर बसवून त्यांनी औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, युद्ध चालवलं आणि पुढे पन्हाळ्यावर करवीरची गादी उभी केली. सगळंच साधलं असंही नाही. १७१४ मध्ये त्यांच्या सवतीच्या, राजसबाईंच्या, बाजूने उठाव झाला, मुलाची गादी गेली आणि मायलेक कैदेत पडले. ताराबाईंवर टीका झाली ती राजकारणावरून. पोर लहान असताना ही बाई मोहिमा कसल्या आखते, असा हिशेब मांडायची रीत तेव्हा नव्हती. मूल एकट्या आईने वाढवायचं असतं ही कल्पनाच मुळात वाड्यात नव्हती आणि कुणब्याच्या घरातही नव्हती. आई भांगलायला रानात, पोर आजीपाशी, नाहीतर बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. त्या बायकांचे हाल कमी होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण पोराचा प्रत्येक क्षण आईनेच घडवायचा, हे ओझं त्या हालांत नव्हतं.

ते आलं एकोणिसाव्या शतकात, आणि आलं ते चांगल्या कामाचा हात धरून. मुलींना शिकवायचं कशाला, असा प्रश्न सनातनी मंडळी विचारत. सुधारकांपैकी बऱ्याच जणांनी त्यांना पटेल असं उत्तर दिलं: शिकलेली मुलगी उत्तम गृहिणी होईल, उत्तम आई होईल. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल निघालं, तेव्हा वाद शाळा असावी की नसावी एवढ्यावर थांबला नाही. मुलींना काय शिकवावं यावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. घरकामाला उपयोगी पडेल तेवढंच शिकवा, असा त्या टीकेचा सूर होता. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, त्यातही गृहजीवनाला लागणाऱ्या विषयांना मानाचं स्थान होतं. या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. त्यांनी हा युक्तिवाद केला नसता तर कित्येक मुलींना पाटीही दिसली नसती. पण त्याच्यासोबत एक वचनही देऊन झालं: बाई शिकेल, पण घरात उणं पडू देणार नाही. वचन दिलं पुरुषांनी, आणि ते आजवर पाळत आल्या बायका.

कोल्हापूरचा या कहाणीशी फार जवळचा संबंध आहे. आज ज्याला आपण सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) म्हणतो, ते तेव्हाचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तिथल्या स्त्रियांच्या विभागासाठी १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, ही सल घेऊन त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. पदवी घेऊन परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. कोल्हापूरची जागा त्यांना सांभाळताच आली नाही. तरीही कुणी त्यांचं आयुष्य वाया गेलं असं म्हणत नाही. हातात घेतलेलं काम पुरं झालं तरच त्याला किंमत, हा नियम आपण त्यांना लावत नाही. मग शेजारच्या घरात पहिल्या वर्षाला एक विषय राहिलेल्या बाईलाच तो का लावतो?

याच संस्थानात रखमाबाई केळवकरांनी मुलींच्या शिक्षणाचा कारभार पाहिला. मिस लिटल या विलायती बाई निवृत्त झाल्यावर शाहू महाराजांनी ती जबाबदारी रखमाबाईंकडे सोपवली. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली आणि याच अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात रुजू झाली. नोकरी करणाऱ्या आईची मुलगी दरबारच्या शिष्यवृत्तीवर डॉक्टर होऊन आपल्याच गावात परतते, हे कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय. शाळांत ताराराणी शिकवतात तशा या मायलेकीही शिकवायला हव्यात, असं मला फार वाटतं.

निर्दोष आईची आपली कल्पना पक्की केली ती साहित्याने आणि सिनेमाने. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांचा त्यावरचा चित्रपट १९५३ चा. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. घराघरांत तेच माप झालं. पण ते पुस्तक आई गमावलेल्या मुलाने लिहिलं आहे. गेलेल्या आईच्या चुका कोण मोजतं? शिवाय पुस्तकातली आई वाचणाऱ्यांच्या लक्षात आहे तेवढी मऊ नाहीच. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला मार देऊन विहिरीवर धाडणारी ती बाई आहे. पोराचं काय चुकतं ते तिला दिसतं, आपल्याला काय जमत नाही तेही तिला ठाऊक असतं. आपण तिच्यातला त्याग तेवढा उचलला आणि माणूसपण मागे ठेवलं.

योगायोग असा की त्याच १९५३ मध्ये लंडनमध्ये डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाचा एक निबंध छापून आला. हजारो आया-मुलं पाहिलेल्या या डॉक्टरने त्यात ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. तान्ह्या बाळाला सुरुवातीला आई जवळपास सगळं हवं तेव्हा देते. पुढे बाळाला जसजसं झेपायला लागतं, तसतशी ती थोडीथोडी कमी पडत जाते. दूध दोन मिनिटं उशिरा येतं, हाकेला ओ लगेच मिळत नाही. हे कमी पडणं बाळाला हवंच असतं, कारण जग आपल्या इच्छेवर चालत नाही हे ते त्यातूनच शिकतं. यात हेळसांडीला परवानगी नाही. आधी भक्कम आधार, मग हळूहळू मोकळीक असा तो क्रम आहे. आपल्याकडच्या पालकसभांमध्ये हे सांगायला हवं. तिथे अजून आयांना प्रोजेक्टच्या थर्माकोलबद्दलच विचारतात.

कोल्हापूरच्या इतिहासातलं मला सर्वात जवळचं वाटणारं उदाहरण मात्र सिनेमातलं आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच सुरू झाली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट, इथेच तयार झाला. त्यातली तारामती म्हणजे दुर्गा खोटे. चांगल्या घरच्या बाईने पडद्यावर यायचं नाही असा तो काळ. त्या दोन मुलग्यांच्या आई, आणि घरात पैशाची ओढाताण. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ‘फरेबी जाल’मध्ये छोटंसं काम केलं होतं आणि त्या चित्रपटाने त्यांच्या वाट्याला नुसती नालस्ती आली. पहिलंच पाऊल असं पडल्यावर घरी बसायला त्यांना पुष्कळ कारण होतं. प्रभातचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांनी विचारल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, पण मला महत्त्वाचं वाटतं ते १९३१ आणि १९३२ मधलं अंतर. त्या काळात त्यांची मुलं मोठी झाली नव्हती, घर सावरलं नव्हतं, लोकांची तोंडंही बंद झाली नव्हती.

आज साधनं पुष्कळ आहेत. दहावी-बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि संसारात शिक्षण सुटलेल्या बायकांनी त्याचा मोठा फायदा घेतला. माझ्या ओळखीतल्या एक ताई तिथून बी.ए. करतात. कट्ट्यावर एकीकडे कणीक, दुसरीकडे स्वाध्यायाची वही. पानांना पिठाचे डाग. सासूबाई बाहेरून म्हणतात, “पोराची परीक्षा तोंडावर हाय, आन् हीच निघाली पेपराला.” आवाजात राग कमी, नवल जास्त. पेपराच्या दिवशी पोराला शाळेतून आणायला सासूबाईच गेल्या.

या सगळ्या बायकांच्या मागे कुणीतरी होतं: दरबारची शिष्यवृत्ती, विचारायला आलेला दिग्दर्शक, नातवाला आणायला शाळेत जाणारी सासू. म्हणून आईला नुसतं “तू घाबरू नको” म्हणणं मला अपुरं वाटतं. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं. पण अभ्यास करणारी, धंदा काढू पाहणारी, रानात जाणारी आई या कायद्यात बसत नाही. आपल्या गावात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. दुपारी दोन तास पोरं सांभाळायला एक खोली आणि एक मावशी एवढी सोय त्यांतल्या चार-दोन जणांनी केली, तरी खुर्च्यांवर वेगळ्या वयाच्या बायका दिसू लागतील.