पार्श्वभूमी : फ्रेंच वाइन मुरली की नुसतीच जुनी झाली?

आपल्याकडे ‘व्हिंटेज’ म्हटले की जुन्या गाड्या आठवतात आणि बातम्यांतही ‘व्हिंटेज वाइन’ म्हणजे जुनी वाइन असेच छापून येते. बाटलीवरचे व्हिंटेज मात्र द्राक्षे कोणत्या वर्षी खुडली एवढेच सांगते. गेल्या वर्षीच्या वाइनलाही व्हिंटेज असतेच. ‘व्हिए व्हीन्य’ हे लेबलावरचे फ्रेंच शब्दही असेच फसवतात. तिथे जुने असतात ते द्राक्षाचे वेल, वाइन नव्हे. आणि वेल किती वर्षांचा झाला म्हणजे त्याला जुना म्हणायचे, हे फ्रेंच कायद्याने ठरवलेले नाही. या गोंधळात मराठीतला एक शब्द फार कामाचा आहे : मुरणे. लोणचे मुरणे वेगळे आणि लोणचे जुने होणे वेगळे, हे कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. जुन्या फ्रेंच वाइनच्या परीक्षणातला सगळा वाद याच फरकाचा आहे.

आडव्या रचून ठेवता येतील अशा बाटल्या आणि घट्ट बसणारे बूच अठराव्या शतकात रुळले, तेव्हा फ्रान्सच्या बोर्दो भागातली वाइन वर्षानुवर्षे तळघरात ठेवण्याची रीत पडली. बोर्दोतल्या उत्पादकांची १८५५ ची प्रतवारी वाइनची आवड असलेल्यांना पाठच असते. तिच्याबद्दल एकच गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती सारखी विसरली जाते : ती चाखून केलेली नव्हती. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी नामवंत शातोंच्या, म्हणजे स्वतःचा द्राक्षमळा असलेल्या वाइनघरांच्या, लाल वाइनना बाजारात मिळत आलेल्या भावावरून पाच प्रती लावून दिल्या. त्यात नंतर फारसा बदल झाला नाही. १९७३ मध्ये मूतों रोथशिल्ड ही शातो दुसऱ्या प्रतीतून पहिल्या प्रतीत गेली, तो बदल सर्वांत मोठा.

चाखून निवाडा करण्याची वेळ खऱ्या अर्थाने आली ती २४ मे १९७६ रोजी, पॅरिसमध्येच. तिथे दुकान चालवणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याने ९ फ्रेंच परीक्षकांपुढे लेबल न दाखवता वाइन ठेवल्या. लाल आणि पांढऱ्या, दोन्ही गटांत ४ फ्रेंच आणि ६ कॅलिफोर्नियाच्या. गुण २० पैकी. लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची १९७३ ची स्टॅग्ज लीप पहिली आली, १९७० ची मूतों दुसरी. पांढऱ्यांतही कॅलिफोर्नियाचीच १९७३ ची शातो मॉन्टेलेना पहिली. एका परीक्षकाने कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची शार्दोने ही पांढरी वाइन तोंडात घोळवून ‘आता फ्रान्समध्ये परत आलो’ असे समाधानाने म्हटल्याची नोंद आहे. निकाल ऐकल्यावर आणखी एका परीक्षकाने आपला गुणांचा कागद परत मागितला.

फ्रेंच बाजूने जे आक्षेप निघाले, त्यातले दोन माझ्या मते दखल घेण्यासारखे आहेत. पहिला गुणांचा. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात ९ जणांचे गुण मिळून अवघ्या दीड गुणाचे अंतर होते. नंतर संख्याशास्त्रज्ञांनीही दाखवून दिले, की वरच्या वाइनमधला फरक ठामपणे खरा म्हणता येत नाही. शिवाय पांढऱ्यांचा निकाल लाल वाइन चाखायच्या आधीच जाहीर झाला होता. परीक्षक त्यामुळे सावध झाले नसतील, असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप वयाचा, आणि आपल्या विषयाच्या मुळाशी जाणारा तोच. बोर्दोच्या चार वाइन १९७० आणि १९७१ च्या होत्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या. या वयात मोठ्या बोर्दोतला टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा कच्चा आवळा चावल्यासारखी जीभ आवळतो. वर्षे जातात तसे टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांना चिकटून जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. पेला तिरका धरला तर कडेचा जांभळेपणा जाऊन विटकरी छटा दिसते. फळांचा वास मागे पडतो आणि चामडे, तंबाखू, ओला पाचोळा यांचा वास वर येतो. फ्रेंचांचे म्हणणे असे, की तुम्ही आमच्या वाइनचा निवाडा ती कैरी असताना केलात. कॅलिफोर्नियाची वाइन लवकर गोडीला येते आणि लवकर संपते. वीस-तीस वर्षे थांबा, मग बघू.

हा आक्षेप मला नेहमीच प्रामाणिक वाटला, कारण तो तपासून पाहता येत होता. आणि तो तपासला गेला. १९८६ मध्ये त्याच लाल वाइन पुन्हा दोन वेगवेगळ्या परीक्षणांत चाखल्या गेल्या. दोन्हींत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाकडेच राहिला. पांढऱ्यांचा काळ उलटला असेल असे धरून त्या घेतल्याच नाहीत. मग २४ मे २००६ रोजी, बरोबर तीस वर्षांनी, लंडन आणि नापा इथे एकाच दिवशी त्या लाल वाइनच्या बाटल्या उघडल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले आणि १९७० ची मूतों सहावी आली. पहिली आलेली १९७१ ची रिज मॉन्टे बेलो १९७६ मध्ये पाचवी होती. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की दोन्ही शहरांत परीक्षक वेगळे, बाटल्या वेगळ्या, तरी पहिली तीच. जुन्या वाइनमध्ये एकाच पेटीतल्या दोन बाटल्याही सारख्या निघतील याची खात्री नसते. त्यामुळे या एकमताला १९७६ च्या दीड गुणापेक्षा कितीतरी जास्त वजन आहे.

याचा अर्थ बोर्दो मुरत नाही असा अजिबात नाही. अर्थ एवढाच, की कोवळेपणी जिभेला मऊ लागणारी वाइन टिकत नाही, हा समज खोटा ठरला. गंमत म्हणजे खुद्द बोर्दोतही तो खोटा ठरला. १९८२ च्या वाइन पिंपातून चाखताना अनेक अनुभवी जाणकारांना त्या फार पिकलेल्या, आंबटपणा कमी असलेल्या, जवळजवळ कॅलिफोर्नियासारख्या वाटल्या होत्या. १०० पैकी गुण देणाऱ्या एका तरुण अमेरिकी समीक्षकाने मात्र त्यांची भरभरून स्तुती केली. त्या वर्षाच्या चांगल्या बाटल्या चाळीस वर्षांनंतरही ताठ उभ्या आहेत. पुढे मात्र त्याच्या गुणांवर भाव ठरू लागले. सुगीनंतरच्या वसंतात, वाइन अजून पिंपात असताना, ‘२०३० ते २०५०’ असा पिण्याचा काळ छापायची पद्धत रूढ झाली. अंदाज म्हणून तो वाचावा. निकाल म्हणून वाचला की घोटाळा होतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कित्येक पांढऱ्या बर्गंडी, म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या वाइन, वीस वर्षे टिकतील म्हणून लोकांनी जपल्या. त्या सात-आठ वर्षांतच तपकिरी पडून कापलेल्या सफरचंदासारख्या वासाच्या निघाल्या. पिंपापाशी उभे राहून हे कोणालाच दिसले नव्हते.

नंतर प्रश्न आणखी खालच्या पायरीवर आला : बाटलीत आहे ती वाइन तरी खरी का? १९८५ मध्ये लंडनच्या लिलावात १७८७ ची म्हणून बोर्दोच्या लाफीत या शातोची एक बाटली १,०५,००० पौंडांना गेली. प्रदर्शनात दिव्याखाली ठेवल्यावर तिचे बूच सुकून वाइनमध्येच पडले. त्याच साठ्यातल्या इतर बाटल्यांवरची कोरीव अक्षरे यंत्राने काढलेली असल्याचे पुढे तज्ज्ञांनी सांगितले. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात १९४५ ते १९७१ या काळातल्या क्लो सें-दनी या बर्गंडीतल्या वाइनच्या बाटल्या आल्या. ज्या घराण्याचे नाव लेबलावर होते, त्यांनी ती वाइन १९८२ पर्यंत केलीच नव्हती. मालक स्वतः विमानाने तिथे गेले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. त्या विकायला आणणारा माणूस २०१३ मध्ये दोषी ठरला. त्याने घरी मिसळून भरलेल्या वाइन त्याआधी नामवंत जिभांनी वाखाणल्या होत्या.

म्हणून आता जुन्या बाटलीचे परीक्षण बूच काढायच्या आधीच सुरू होते. ती कुठे पडून होती हे आधी विचारतात. १२-१३ अंशांच्या तळघरात, की कुठल्या तापलेल्या गोदामात. मुंबई-पुण्यात एखादी जुनी बोर्दो उघडल्यावर शिजवलेल्या मनुकांचा वास आला, तर शातोला बोल लावण्याआधी तिचा प्रवास तपासावा. मग बाटली उजेडासमोर धरून वाइन कुठवर आहे ते पाहतात. पन्नास वर्षांत ती गळ्यातून थोडी खाली उतरायलाच हवी. खांद्याच्याही खाली गेली असेल तर आत हवा शिरलेली असते. आणि गळ्यापर्यंत काठोकाठ भरलेली असेल, तर शातोने बूच बदलताना भर घातल्याची नोंद मागतात. ती नसेल तर बाटली बाजूला ठेवतात. बूच बाहेर आले की आधी त्यावरचे नाव आणि वर्ष वाचतात, आणि मग पेला नाकाकडे नेतात.